दाजी, पुठ्ठा कुठं ठेवलाय?

दाजी, आज तुम्ही समोर असता तर आधी तुमची गचांडी धरली असती. सोप्यात तुमचा फोटो ठेवलाय, त्याला हार घातलाय, उदबत्ती लावलीय. येणारे-जाणारे हात जोडतात आणि बसतात. मला मात्र काच फोडून तुम्हाला बाहेर ओढावंसं वाटतंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. उद्या तुमचं दिवसकार्य आहे, गावातली झाडून सगळी माणसं येतील आणि चांगलंच बोलतील. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तसंच टाकून तुम्ही गेलात, ह्याचा मला भयंकर राग आलाय.

आपली सुरुवातच मारामारीनं झाली. तुमच्या लग्नात कानपिळीला मला पुढं केलं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, एवढाच तो खेळ. मला नुकतं मिसरूड फुटत होतं. अक्का आता घरातनं जाणार, ह्या रागानं मी तुमचा कान असा पिरगाळला की मुंडावळ्या तुटून खाली पडल्या. तुम्ही हसत माझ्या गळ्यात हात टाकलात, फोटोवाल्याकडं बघितलंत, आणि त्याच हातानं माझ्या पाठीत असा गुद्दा हाणलात की माझा श्वास अडकला. "पावणं, कान हाय माझा, पाना लावायचा नट न्हवं," असं हळूच कानात म्हणालात. तो फोटो अजून आमच्या घरी आहे. तुम्ही दात काढताय आणि मी डोळे फाडून बघतोय. तुमची भाषा मला त्या दिवशीच कळली. तुम्ही 'बाळ्या' म्हणालात की सगळं ठीक आहे, आणि 'पावणं' म्हणालात की प्रकरण हातघाईवर येणार.

तुमचं गाव गारगोटीच्या अलीकडं, नोकरी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीवर, आणि माझं लेथचं वर्कशॉप तुमच्या फौंड्रीच्या मागच्या गल्लीत. सकाळच्या पाळीला एवढ्या लांबून रोज येणाऱ्या माणसानं एखादी साधी गाडी घ्यावी. तुम्ही घेतलीत ती जुनी, रेडिएटरवाली, पाण्यानं गार होणारी मोटारसायकल. "आवाज बघ की हिचा," म्हणालात. नुसत्या आवाजापायी गाडी घेणारा माणूस अख्ख्या भुदरगड तालुक्यात तुम्हीच असाल.

त्या गाडीनं पहिल्याच उन्हाळ्यात दगा दिला. तुम्ही आणि अक्का कोकणातनं परत येत होता. फोंडा घाट चढताना टेंपरेचरचा काटा पार वर गेला, वाफ सुटली. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, अक्का उतरून शेजारी उभी राहिली, आणि रेडिएटरचा पाइप फाटकन सुटला. उकळतं पाणी सगळं अक्काच्या डाव्या पायावर. तुम्ही तिला उचलून घाटातनं पळत सुटलात, समोरनं आलेल्या जीपच्या बोनेटवर मुठी आपटून ती थांबवलीत. अक्काच्या घोट्यापासून बोटांपर्यंतचं कातडं सोलून निघालं. तो पाय अजून पांढुरका दिसतो. तेव्हापासून तिनं पैंजण उजव्याच पायात घातलं.

दोष कुणाचा होता, ते मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. गाडीत थर्मोस्टॅट असतो, मिस्त्री लोक त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन गार असतं तोवर तो पाणी अडवून धरतो, तापलं की आपसूक उघडतो आणि पाण्याला रेडिएटरकडं वाट देतो. त्याला दुसरं काही येत नाही. तुमच्या मिस्त्रीनं कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतलं होतं. त्या पाण्याचा क्षार व्हॉल्व्हवर बसला, व्हॉल्व्ह मिटलेला तसाच अडकला, आणि पाणी आतल्या आत उकळलं. तुम्ही काय केलंत? आधी त्या मिस्त्रीला त्याच्याच दारातल्या जुन्या टायरांच्या ढिगात उलटा कोंबलात. मग व्हॉल्व्ह त्याच्या घरासकट खोलून फौंड्रीत नेलात आणि ऐरणीवर ठेवून घणानं पार चपटा केलात. तुमचे सोबतचे कामगार सांगायचे, माणूस रडत होता आणि घण घालत होता.

त्यानंतर गाडी व्हॉल्व्हशिवायच. पाणी सदा मोकळं फिरतंय, म्हणजे गाडी गरम होणार नाही, हा तुमचा हिशोब. झालीच नाही कधी गरम, हे खरं. पण ती गरम व्हायलाच पाहिजे होती की! थंडीत गारगोटीपासून शिरोलीपर्यंत काटा तळातनं हलायचा नाही. इंजिन खोकायचं. ॲक्सिलेटर पिळला की गाडी मागं ओढायची. ऑइलचं टोपण उघडलं तर आत लोण्यागत पांढरा फेस. गार इंजिन आतनं कुजतं दाजी, असं मी म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "रोज इतळलेलं लोखंड बघणाऱ्या माणसाला तू गरम-गार शिकवनार व्हय?"

आणि मग तो पुठ्ठा! मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला वरनं प्लास्टिक, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून रेडिएटरच्या तोंडावर बांधलेला. म्हणजे वारा लागणार नाही आणि इंजिन जरा ऊब धरेल. कोल्हापुरात शिरलात की सिग्नलला उतरून तो सोडायचा, शिटाखाली ठेवायचा, संध्याकाळी गावाकडं निघताना परत बांधायचा. मागनं हॉर्नवर हॉर्न. एकदा एका रिक्षावाल्यानं "आजोबा, गाडीला स्वेटर घालताय काय?" असं विचारलं, तर तुम्ही पुठ्ठा हातात घेऊनच त्याच्या अंगावर गेलात. मी मध्ये पडलो म्हणून तो वाचला, आणि पुठ्ठ्याचा फटका मला बसला. एवढा राग त्या मऊ पुठ्ठ्यात कसा मावत होता कोण जाणे.

गाडी जुनी. व्हॉल्व्हचं मूळचं घर तुम्ही घणाखाली संपवलेलं, आणि बाजारात दुसरं मिळेना. म्हणून मी ठरवलं, आपणच करायचं. एका चारचाकीचा नवा व्हॉल्व्ह आणला. ॲल्युमिनियमच्या गोल बारमधनं त्याच्यासाठी डबी कातायला घेतली. डबीत व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना पाइप चढवायला तोंडं. इंजिनातनं रेडिएटरला जाणारा पाइप मध्ये कापायचा आणि ही डबी बसवायची. तुम्हाला सांगितलं नव्हतं. पाळी सुटल्यावर तुम्ही चहाला आलात आणि लेथच्या जबड्यात, चकात, फिरणारा तुकडा बघितलात.

"पावणं, काय कातताय?"

मी खरं सांगितलं. तुम्ही चकची चावी उचललीत आणि भिरकावलीत. माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट फुटली. मी तुमच्या कमरेला मिठी मारली, तुम्ही तालमीतले, मला असा उचलून आपटलात की कातताना खाली पडलेल्या चिप्स पाठीत रुतल्या. ॲल्युमिनियमच्या चिप्स ब्लेडगत असतात. मी खालनं ओरडलो, "सोडा दाजी, न्हायतर दात पाडतो तुमचं!" आणि तुम्ही छातीवर बसून म्हणताय, "पाडा की पावणं, पाडा!" शेजारच्या शेडमधली माणसं सोडवायला आली आणि आधी हसत सुटली. दोन माणसं एकमेकांचा जीव घेतायत आणि अहो-जाहो सोडत नाहीत.

"अक्काच्या पायाला बोअरचं पाणी कारण हाय," मी खालनंच म्हटलं. "तुम्ही भलत्यालाच मारलंसा."

तुमचा हात वर उचललेला तसाच राहिला. "तिचा पाय मी धरलावता," तुम्ही म्हणालात. "कातडं माझ्या हाताला आलंतं. तू न्हवतास थितं."

तुम्ही उठलात, मलाही उठवलंत, आणि धापा टाकत म्हणालात, "दाव उघडून. माझ्या डोळ्यासमूर उघडला पायजे."

मग वर्कशॉपच्या स्टोव्हवर चहाच्या भांड्यात पाणी ठेवलं आणि व्हॉल्व्ह दोऱ्याला बांधून त्यात सोडला. पाणी तापलं, व्हॉल्व्ह उघडला. गार पाण्यात टाकला, मिटला. "परत," तुम्ही म्हणालात. परत उघडला. "परत." पाणी आटेपर्यंत तुम्ही 'परत, परत' म्हणत होता. शेवटी तोच व्हॉल्व्ह घेऊन ड्रिलखाली गेलात आणि त्याच्या चकतीला स्वतःच्या हातानं एक बारीक भोक पाडलंत. "मेला आत अडकलाच तर थोडं तरी पानी जायला वाट पायजे," म्हणालात. ते भोक पाहिजेच होतं, दाजी. बरोबर होतं तुमचं. पण माझ्या पाठीत चिप्स होत्या, म्हणून मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी अक्कानं त्या सुईनं एकेक काढल्या, दोघांच्या नावानं शिव्या देत. तुम्ही समोर बसून हसत होता.

गाडीत डबी बसली. कूलंट स्वतः आणलंत, स्वतः भरलंत. मला म्हणालात, "बसिवला म्हंजे पटला असं न्हाई. पुठ्ठा शिटाखाली ऱ्हानार. ज्या दिशी पुठ्ठा टाकीन, त्या दिशी तू जिकलास." मी रोज विचारायचो, "दाजी, पुठ्ठा कुठं ठेवलाय?" तुम्ही शिटावर थाप मारायचात. काटा मध्यावर येऊन थांबत होता, टोपणाखालचा फेस गेला होता, हे मला लांबनं इंजिनाच्या आवाजावरनं कळत होतं. एकदा तरी "बेस झालं" म्हणाल, असं वाटायचं. "बघू," एवढंच म्हणायचात. डोकं फिरायचं माझं.

आणि मग ती सकाळ.

उसाचा हंगाम, धुकं, आणि रस्त्यात ॲक्सल मोडून उभी टाकलेली उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, फडकं नाही, चार दगडसुद्धा लावले नव्हते. तुम्ही मागनं जाऊन आदळलात. डोक्याला हेल्मेट होतं. हेल्मेट काय करतंय, ट्रॉलीचा लोखंडी अँगल छातीत घुसला होता. दूधवाल्यानं फोन केला म्हणून मी पोचलो. दाजी, मी तुम्हाला ट्रॉलीपासून सोडवलंय. माझ्या ह्या हातांनी. त्यापुढचं मी अक्काला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

तुम्हाला दवाखान्याच्या गाडीत घातलं आणि मी जवळच्या ट्रॅक्टरवरची पहार उपसली. त्या ट्रॉलीचा मागचा पत्रा मी पहारीनं फोडत सुटलो. टायर फोडले, साखळ्या तोडल्या, ऊस खाली आला. तळहात सोलले तरी थांबलो नाही. शेवटी एक म्हातारा मागनं येऊन म्हणाला, "पावणं, ट्रॉलीला काय कळतंय?" तुमचाच शब्द. मी पहार टाकली आणि तिथंच रस्त्यावर उसात बसलो.

मला वाटलं होतं, सगळ्यात वाईट ते झालं. तसं नव्हतं. रस्त्यावर तुमच्या मागच्या चाकाची लांबलचक काळी खूण होती. मी म्हणतोय, तुम्ही ट्रॉली बघून ब्रेक दाबलात. तुमचे थोरले भाऊ आबा ती खूण बघून म्हणाले, "ब्रेकचं न्हवं हे. इंजिन जाम झालं, चाक थांबलं, गाडी फरपटत गेली. बिनव्हॉल्व्हची गाडी इतकी वरसं चालली. मेव्हण्यानं व्हॉल्व्ह घातला आणि मानूस गेला." एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि रक्षाविसर्जनापर्यंत गावभर तेच झालं.

रक्षाविसर्जन करून सगळे परत आले. मी अंगणात पाय धुवायला वाकलो तेवढ्यात अक्का घरातनं आली. पायातलं पायताण काढलं आणि माझ्या तोंडावर मारलं. सगळ्या पै-पाहुण्यांसमोर. "माझा पाय भाजला तवाच तेनी तेला ठेचलावता," ती किंचाळत होती. "तू परत आणलास! तू घातलास त्यो! माझा मानूस तू मारलास!" एक, दोन, मोजायला मी शुद्धीत नव्हतो. ओठ फाटला. बायका तिला ओढत होत्या आणि ती सुटून परत येत होती. मी हात वर केला नाही. तुमच्याशी आयुष्यभर मारामारी केली, दाजी, पण अक्काच्या मारापुढं हात कसा वर करायचा हे मला येत नव्हतं. शेवटी ती दारात बसली आणि म्हणाली, "दुखवट्याला तुझी साडी नगं मला. माझं म्हायेर मेलं."

माहेरच्या साडीशिवाय बाईचं दिवसकार्य कसं व्हायचं? भावानं आणलेली साडी तिच्या अंगावर पडली नाही, म्हणजे तिच्या मागं कुणी उरलं नाही. हे अक्काला कळत होतं म्हणून तर ती तसं बोलली. आई-वडील कधीच गेले, मला तिच्याशिवाय दुसरं माहेर नाही आणि तिला माझ्याशिवाय.

मी साडी घेतली होती. पिशवीत ठेवून रोज वर्कशॉपला न्यायचो आणि परत आणायचो.

गाडी चौकीत अडकली होती. ती सुटली आणि मी ती छोट्या टेम्पोत घालून वर्कशॉपला आणली. पुढचं चाक टाकीत घुसलेलं, रेडिएटरचा चुरा. शटर ओढून घेतलं आणि आधी त्या गाडीला लाथा घातल्या. मग शिटाखाली हात घातला. पुठ्ठा नव्हता. पडला असेल रस्त्यात, म्हटलं. इंजिनाचं कव्हर खोलून क्रँकला पाना लावला, तर इंजिन सहज फिरलं. जाम नव्हतं. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच गेलाही. कारण तुम्हीच एकदा सांगितलं होतं, तापून जाम झालेलं इंजिन गार झालं की कधी कधी आपोआप सुटतं. म्हणजे ह्या फिरण्याला काही अर्थ नाही. राहिला तो व्हॉल्व्ह. डबी वाचली होती, माझ्या हातची ती डबी, तिच्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. ती उघडायला माझे हात धजेनात. आत व्हॉल्व्ह अडकलेला असेल, तर आबा म्हणतात ते खरं, अक्का म्हणते ते खरं, आणि तुम्हाला मी मारलंय.

त्या वेळी मला माझं बोट आठवलं. लेथमध्ये माझं बोट गेलं तेव्हा तुम्ही फौंड्रीतनं पळत आलात, ते तुटकं बोट आणि हात एकत्र तुमच्या मुठीत आवळून धरलात. रिक्षात बसून दवाखान्यापर्यंत ती मूठ उघडली नाहीत. तुमचा शर्ट माझ्या रक्तानं भिजला होता. आणि सगळ्या वाटेवर माझ्या कानात शिव्या. "रडलास तर दुसरं बोट मी तोडीन, मुडद्या!" डॉक्टरांनी मूठ सोडा म्हटलं तर त्यांच्यावरच गुरगुरलात. बोट जागेवर बसलं. वाकत नाही, पण आहे. त्याच बोटानं आज सकाळी मी ती डबी धरली आणि खोलली. व्हॉल्व्ह मिटलेला होता. गार आहे म्हणून मिटलेला, का अडकलेला, हे नुसतं बघून कळत नाही. वर्कशॉपमध्ये उकळून बघितला नाही. एकट्यानं बघितलं असतं, तर अक्कानं विश्वास ठेवला नसता. आणि खरं सांगतो, एकट्यानं बघायचं माझं धाडस नव्हतं.

दुपारी व्हॉल्व्ह रुमालात आणि साडी पिशवीत घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो. आबा सोप्यात होते. अक्का आतनं आली, मला बघून तिचा हात पायताणाकडंच गेला.

"मार," मी म्हटलं. "पर आदी ह्यो उकळून बघ. तू बघ, आबांनीबी बघू दे. न्हाई उघडला, तर मी ह्या दारात परत येनार न्हाई."

आबा म्हणाले, "ह्येनं बदलून आणला असंल."

मी व्हॉल्व्ह त्यांच्यासमोर धरला. तुम्ही पाडलेलं ते भोक. ड्रिल जरा घसरलेलं, म्हणून एका बाजूला ओरखडा. अक्कानं त्यावरनं बोट फिरवलं. तो ओरखडा तिला माहीत होता, तुम्हीच तिला दाखवला होतात म्हणे, आपलं काम म्हणून.

"तू हात लावायचा न्हाईस," ती मला म्हणाली.

तुम्ही गेल्यापासून त्या घरातला गॅस पेटला नव्हता. भाऊबंदांच्या घरनं भाकरी येत होत्या. अक्कानं काडी ओढली, आणि ह्या घरात पहिल्यांदा चढलं ते भांडं तुमच्या चहाचं, आणि त्यात हा व्हॉल्व्ह. पदराचा दोरा काढून तिनं तो बांधला, उलथन्याला अडकवून पाण्यात सोडला. आम्ही तिघं गॅसभोवती. तळाला बुडबुडे आले. व्हॉल्व्ह मिटलेला. वाफ यायला लागली. व्हॉल्व्ह मिटलेला. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी ओट्याची कड धरली. दाजी, त्या क्षणी मी तुम्हाला शिव्या दिल्या, घाणेरड्या शिव्या, मनातल्या मनात. तुम्ही असता तर गप उभे राहिला नसता.

आणि तो हलला. पितळेची चकती हळूहळू वर उचलली गेली आणि पाखराच्या पिलानं चोच उघडावी तसा तो उघडला.

अक्कानं दोरा धरून बाहेर काढला, तांब्यातल्या गार पाण्यात बुडवला. मिटला. "परत," ती म्हणाली. उघडला. "परत." अगदी तुमच्यासारखं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती त्या दिवशी वर्कशॉपमध्येही नव्हती. "परत." आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते सोप्यात जाऊन बसले. भांड्यातलं पाणी आटत आलं तरी ती परत परत बुडवत होती, आणि तो प्रत्येक वेळी उघडत होता.

मग तिनं भांडं उचललं आणि भिंतीवर फेकलं. उरलेलं गरम पाणी भिंतीवरनं ओघळलं. व्हॉल्व्ह दोऱ्यासकट तिच्या मुठीत तसाच. डोळे लाल, पाणी नाही.

"मग आता मी कुनाला मारू?" ती म्हणाली. "बाळ्या, सांग की. कुनाला मारू आता?"

"मलाच मार."

तिनं मारलं. थोबाडीत, सगळा जोर लावून. मग माझ्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत राहिली, मारता मारता तिच्या मुठी सैल झाल्या आणि ती तशीच माझ्या शर्टाला धरून रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

नाक पुसत म्हणाली, "तुला एक सांगितलं न्हाई. मुद्दाम सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर मला तुला मारताच आलं नसतं." आणि मग सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी तुम्ही कामावरनं आलात, शिटाखालनं पुठ्ठा काढलात आणि आंघोळीच्या बंबात घातलात. अक्कानं विचारलं, तर म्हणालात, "आता नगं त्यो. गाडी कशी झोकात चालत्या! पर बाळ्याला सांगू नगंस. डोस्क्यावर चढून नाचंल. दोन दिस जाऊ देत, मीच सांगतो."

अक्कानं माझ्या हातातनं पिशवी घेतली. साडीची घडी उलगडून बघितली, "रंग बरा हाय," म्हणाली आणि आत ठेवून आली. उद्या नेसेल.

मी जिंकलो, दाजी. तुम्ही बंबासमोर उकिडवे बसून तो पुठ्ठा जळताना बघितला असणार, आणि मला चिडवायला अजून दोन दिवस आहेत ह्या विचारानं हसलाही असणार. नाचायचंय मला. तुमच्या दारात, तुमच्या छाताडावर नाचायचंय. आता व्हॉल्व्ह खिशात घेऊन तुमच्या फोटोसमोर बसलोय. या की. उठा आणि घ्या मला अंगावर. एकदा तरी रागानं 'पावणं' म्हणा.